जवळचा नातेवाईक

९ फेब्रुवारी

ताई,

पाया पडतो. तुझा गुडघा आता कसा आहे? तिथली थंडी अजून हटली नसेल. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपत जा आणि तू सांभाळतेस त्या आजींना उठवताना सगळा भार कंबरेवर घेऊ नकोस. त्यांची तब्येत आहे तशीच असेल असं धरून चालतो.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून लिहायला बसलो. पत्र लिहायची सवय पार मोडली आहे. चाव्या घासायची कानस धरून धरून बोटंही वाकडी झालीत. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

इकडे सगळे बरे आहेत. ही दातांच्या दवाखान्यात पुन्हा कामावर जायला लागली. मध्ये रजा काढली होती. तिथे लोक तोंड उघडून बसलेले असतात, त्यामुळे निदान काही विचारत तरी नाहीत, असं म्हणाली. ठमीचा पुढचा दात पडला. आता 'स' म्हणताना शिट्टी वाजते आणि मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून बोलते.

दुकान बरं चाललंय. नको इतकं बरं चाललंय. परीक्षेच्या हॉलमधलं ते सगळं घडलं तेव्हापासून ज्याला त्याला कुलूप हवंय. ती जागा इथून कितीतरी लांब, पण टीव्ही लांबचं काही ठेवत नाही. त्या कोटवाल्यानं आत मुलं असताना हॉलची दारं कशी बंद केली, हे चॅनेलवाल्यांनी लाल बाण काढून इतक्यांदा दाखवलं, की आता लोक येऊन मला समजावतात दार कसं बंद करायचं असतं. मी जन्मभर दुसरं काय केलं? परवा एका बाईंनी कपड्यांच्या कपाटाला आतून कडी बसवून मागितली. आत कोण राहणार, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, 'वेळ आली तर मी.' बसवून दिली.

खारू बरा आहे. गेल्या आठवड्यात भेटून आलो. निरीक्षणगृह म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे जे येत असेल तसं ते नाही. जुनी शाळा असावी तशी इमारत आहे. लांब खोली, लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेवर करडी चादर. खिडक्यांचे गज हिरव्या रंगानं रंगवलेत, रंगाचे ओघळ तसेच वाळलेत. भेटायच्या खोलीच्या दाराला लावलंय ते कुलूप साधं आहे, मी केसांच्या पिनेनं उघडेन. हे मी तिथल्या माणसाला सांगणार होतो, मग म्हटलं नको. खारू थोडा वाळलाय. केस बारीक कापलेत, त्यामुळे लहानपणी दिसायचा तसा दिसतो. जेवतोस का विचारलं, हो म्हणाला. झोप लागते का विचारलं, हो म्हणाला. आणखी काय विचारायचं ते मला सुचलं नाही.

तू हिला फोनवर म्हणालीस ते हिनं मला सांगितलं. 'माझ्या मुलाची बातमी मला परक्याच्या घरात, परक्याच्या टीव्हीवर कळली.' आजींना औषध देत होतीस म्हणे, आणि चमचा हातात तसाच राहिला. चेहरा पुसट केला होता, पण तू त्याच्या चालण्यावरून ओळखलंस. तू ओळखणारच.

मी फोन करणार होतो, ताई. त्या दिवशी मला चौकीत बसवून ठेवलं होतं. बाहेर आलो तोवर बातमी माझ्या पुढे पळाली होती. कुणी दिली ते मला माहीत नाही. चौकीत माणसं खूप होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता.

वकील समजूतदार आहेत. त्याचं वय लहान आहे आणि प्रत्यक्ष काही घडलेलं नाही, हे दोन्ही आपल्या बाजूचं आहे म्हणतात. सगळं वेळेत कळलं, हे चांगलं झालं, असंही म्हणाले. मी मान हलवली.

बाकी विशेष काही नाही. काळजी करू नकोस असं लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
भाऊ


१ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, एकच ओळ. 'टीव्हीवर म्हणाले जवळच्या नातेवाइकानं खबर दिली, तो कोण?'

हिनं कार्ड वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून आत गेली. मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो. मग दुकानात जाऊन दोन चाव्या कापल्या, दोन्ही चुकल्या. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पण आधीपासून सांगू दे, नाहीतर मला ते सांगताच येणार नाही.

तू त्याला माझ्याकडे ठेवून गेलीस तेव्हा तो एवढासा होता. तू म्हणालीस, 'हा कुणाला दिसतच नाही, तूच बघ ह्याच्याकडे.' मी बघत होतो, ताई. शाळेतून आला की दुकानात यायचा, कोऱ्या चाव्या आकाराप्रमाणे लावायचा. बोलायचा कमी, पण हात चांगला होता. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा सांगत होता, बाईंनी त्याची गैरहजेरी लावली. तो वर्गातच होता, आपल्या बाकावर. मग त्यानं हात वर केला नाही. दिवसभर गैरहजर राहूनच बसला. हे त्यानं हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. ही तर डोळे पुसेपर्यंत हसली. मला आता ते हसू ऐकू येतं.

मग ते हॉलमधलं घडलं. तुझ्याकडेही तेच चाललं असेल. सकाळी उठावं तर टीव्हीवर तो कोटवाला, जेवायला बसावं तर तो. त्याचा शाळेतला फोटो, त्याची सायकल, त्याचे जुने घरमालक. त्याच्या शिक्षिका रडत होत्या, त्यांच्या तोंडापुढे माईक. तो काय वाचायचा, काय खायचा, कुठल्या दुकानातून त्यानं तो करडा कोट घेतला. त्या दुकानातले कोट संपले, हीसुद्धा बातमी झाली. मेलेल्या मुलांची नावं तळाच्या पट्टीतून जायची, सोन्याच्या भावाच्या शेजारून. मी दुकानात दिवसभर टीव्ही लावून ठेवायचो, गिऱ्हाइकांना बरं वाटतं म्हणून. त्या दिवसांतला सोन्याचा भाव मला आठवतो. नाव एकही आठवत नाही.

खारू बघायचा. सगळेच बघत होते. मधल्या सुट्टीत पोरं कोटवाला-कोटवाला खेळायची, ठमी सांगायची. एकदा जेवताना खारू म्हणाला, 'मामा, त्याला आधी कुणी ओळखत होतं का?'

'कुणाला?'

'कोटवाल्याला.'

'मला काय ठाऊक. नसेल.'

'शेजारच्यांनासुद्धा नाव माहीत नव्हतं. परवा दाखवलं ना. आता बघ, सगळ्या जगाला माहीत आहे.'

'जेव,' मी म्हणालो.

एवढंच म्हणालो, ताई. जेव. त्यानं ताट स्वच्छ केलं, उचलून मोरीत ठेवलं आणि झोपायला गेला.

पुढे माझ्या केस कापणाऱ्यानं सांगितलं, भाचा कोटवाल्याचा फोटो घेऊन आला होता, तसेच केस काप म्हणाला. 'ह्याला धरून तो फोटो घेऊन माझ्याकडे बरेच आले,' असं तो हसून म्हणाला, 'फॅशन आहे.' मीही मानलं, फॅशन असेल. आमच्या वेळी नट होते, ह्यांच्या वेळी हा. दुकानातून जाड पितळी कुलपं गेली, एक जड साखळीही गेली. मी गिऱ्हाइकावर संशय घेतला. घरातल्यावर कोण घेतो?

मग जानेवारीतल्या एका मंगळवारी ठमी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, 'बाबा, शुक्रवारी माझं पोट दुखणार आहे.'

मी म्हटलं, 'तुला आत्तापासून कळलं?'

'दादा म्हणाला, दुखेल. दुखतंय म्हणून सांग आणि शाळेत जाऊ नकोस, म्हणाला. पण बाबा, शुक्रवारी माझं गाणं आहे.' आणि रडायला लागली. सगळी शाळा मोठ्या हॉलमध्ये जमणार होती. तिला गाण्याचं पडलं होतं.

तिला उतरवून मी दुकानात गेलो आणि माळ्यावर चढलो. तिथे कोट होता. जुन्या बाजारातून आणलेला असावा, बाह्या लांब. आपलीच कुलपं होती. साखळी होती. आणि एक डबा होता. डब्यात काय होतं ते तुला वकिलांनी सांगितलं असेल, मी लिहीत नाही. मी झाकण काढलं, वास घेतला, झाकण पुन्हा घट्ट लावलं.

आणि मला काहीच वाटलं नाही, ताई. हे तुला कसं सांगू? माणसाचे हातपाय गळायला हवेत, घसा कोरडा पडायला हवा. हे सगळं मी इतक्यांदा पाहिलं होतं, बाणांसकट, की समोर आलं तेव्हा तीच बातमी पुन्हा लागल्यासारखी वाटली. मी खाली उतरलो. एका माणसाची चावी तयार होती, ती त्याला दिली. सुट्टे पैसेही दिले.

हिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खारू शाळेतून आला, तेव्हा मी म्हटलं, 'पेटी घे. एका ठिकाणी दार अडकलंय.'

त्यानं हत्यारांची पेटी उचलली. आम्ही चालत निघालो. पेटी जड आहे, तो ती ह्या हातातून त्या हातात घेत होता. मी म्हटलं, आण इकडे. तर म्हणाला, 'राहू दे मामा, तुझा खांदा दुखतो.' रस्त्यात त्यानं मला विचारलं, दार लाकडी आहे की लोखंडी. मी म्हटलं लोखंडी. मग म्हणाला, 'गंज असेल. तेल घेतलंय मी.'

चौकीच्या फाटकाशी त्यानं वर पाटी वाचली. 'इथलं?'

'हो,' मी म्हणालो.

आत साहेब कुठलीतरी फाईल बांधत होते. मी म्हटलं, 'हा माझा भाचा. ह्याच्याबद्दल सांगायचंय.' साहेबांनी दोरी बांधून पूर्ण केली आणि मग वर पाहिलं. खारूनं पेटी खाली ठेवली. अगदी हळू, आवाज न करता. मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, 'मामा, कुलूप कुठंय?'

मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

तर ताई, तो जवळचा नातेवाईक मीच.

तू विचारशील, आधी त्याच्याशी का नाही बोललास? बोललो असतो तर तो म्हणाला असता, मामा, गंमत होती. आणि मी विश्वास ठेवला असता. त्याच्यावर माझा विश्वास होता की नव्हता हा प्रश्नच नाही, मी स्वतःला ओळखतो. मी पुन्हा 'जेव' म्हणालो असतो.

तू म्हणशील, स्वतःच्या मुलीसाठी माझा मुलगा दिलास. हीसुद्धा माझ्याकडे तशीच बघते कधीकधी, बोलत नाही. मला ठाऊक नाही, ताई. ठमीला तर त्यानं बाजूला काढलंच होतं. बाकीच्या लेकरांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले असंही नाही. माळ्यावरून उतरताना मला एकच दिसत होतं. टीव्हीच्या पडद्यावर दोन चौकोन, एकात कोटवाला आणि दुसऱ्यात आपला खारू. माझ्या लग्नातला, टोपी घातलेला त्याचा फोटो असता तर तोही त्यांनी शोधून काढला असता. तो चौकोन मला नको होता. म्हणून मी गेलो. ह्यात शहाणपण किती आणि भीती किती, ते तूच ठरव.

तू आता मला लिहू नकोस हवं तर. पण त्याला लिही. तो काही विचारत नाही, पण दाराकडे बघतो.

भाऊ


२२ मार्च

ताई,

तू येतेस, गाडी कुठली तेही हिला कळवलंस. माझ्यासाठी काही निरोप नव्हता. चालेल. तू येतेस हे पुरे.

येण्याआधी तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. समोर सांगता येणार नाहीत, माझी जीभ उचलत नाही हल्ली.

पहिली म्हणजे, दुकानावर लोक येतात. मागच्या आठवड्यात एक तरुण आला, नीटनेटका, कुलपं बघायला लागला. हे दाखवा, ते दाखवा. मग हळूच म्हणाला, 'तुमच्या भाच्याबद्दल ऐकलं. फार वाईट वाटलं.' मी दाखवलेली कुलपं परत फळीवर ठेवायला लागलो. तो म्हणाला, 'त्याचा लहानपणीचा एखादा फोटो असेल ना? हसरा, निरागस असा. चेहरा आम्ही झाकू. लोकांना समजून घ्यायचं असतं हो, असं चांगल्या घरातलं पोर इथवर का येतं.'

मी विचारलं, 'कुलूप घेणार का?'

म्हणाला, 'काका, तुमचीही बाजू मांडता येईल. तुम्ही खरे हीरो आहात.'

मी शटर ओढलं. तो आतच राहिला होता, म्हणून पुन्हा वर करावं लागलं. तो बाहेर गेला, मग पुन्हा ओढलं. त्याला काय सुनवायला हवं होतं ते मला नंतर, घरी भांडी घासताना सुचलं. तुम्ही त्या कोटवाल्याला समजून घेत बसलात तेव्हाच आमच्या घरात कुणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं, असं म्हणायला हवं होतं. पण तेव्हा सुचलं नाही आणि आता सुचून उपयोग नाही. तू आलीस की तुलाही गाठतील. दाराची साखळी काढू नकोस.

दुसरी गोष्ट मोठी आहे.

रविवारी मी त्याला भेटायला गेलो. ही आली नाही, डबा तिनं दिला. भेटायच्या खोलीत मधे एक टेबल असतं, कोपऱ्यात एक शिपाई उभा असतो. खारू येऊन बसला. शाळेची पुस्तकं मिळतात म्हणाला, गणिताचे सर चांगले आहेत म्हणाला. मला बरं वाटलं. मग शिपाई दाराबाहेर कुणाशीतरी बोलायला वळला, तसा हा पुढे वाकला.

'मामा, माझं दाखवलं का?'

'काय?'

'टीव्हीवर. इथे फक्त खेळ लावतात, बातम्या लावू देत नाहीत. माझं दाखवलं का?'

मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या भेटींत त्यानं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. डोळ्यांत तेज आलं होतं, ताई. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्याच्या चेहऱ्यावर काही बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं. वाढदिवसाला पुडकं हातात घेतलेलं पोर दिसतं तसा दिसत होता.

'नाही,' मी म्हणालो.

'एकदापण?'

'एकदापण नाही. कुणाला कळलंच नाही काही.'

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं रडेल, रडला नाही. नखानं टेबलाचा टवका काढत राहिला. मग म्हणाला, 'म्हणजे कुणालाच माहीत नाही?'

'आम्हाला माहीत आहे. तुझ्या आईला माहीत आहे.'

'आईला कुणी सांगितलं?'

'मी,' मी म्हणालो. 'त्याच दिवशी. फोन करून.'

'काय म्हणाली?'

'येते म्हणाली.'

तो पुन्हा टवका काढायला लागला. मी त्याला तसंच बसू दिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते तेज हळूहळू गेलं. काहीतरी संपल्यासारखा झाला. मी त्याच्यापासून ते काढून घेतलं, हे मला कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

मग त्यानं विचारलं, 'शाळेचा कार्यक्रम झाला?'

'झाला. जरा पुढे ढकलला होता, पण झाला.'

'ठमी गायली?'

'दुसऱ्या कडव्याला अडली. नुसती उभी राहिली स्टेजवर, हात मागे बांधून.'

'मग?'

'मग समोर बसलेल्या पोरांतून कुणीतरी ओळ सांगितली. मोठ्यानं. मग गायली सगळं.'

'कुणी सांगितली?'

'मी नाही ओळखत त्या मुलाला.'

'मामा, नाव विचारायचं ना,' तो म्हणाला. थोडा चिडूनच म्हणाला. ताई, कोटवाला घरात शिरल्यापासून आपला खारू माझ्यावर असा चिडला नव्हता. वेळ संपली, शिपाई आला. जाताना तो पुन्हा म्हणाला, 'विचार तिला. तिला माहीत असेल.'

बाहेर आल्यावर तिथल्या समुपदेशक बाईंना मी सगळं सांगितलं. मोठ्या शांत बाई आहेत, केस पिकलेले. त्या म्हणाल्या, 'खोटं सांगितलंत. कधीतरी कळेल त्याला.'

मी म्हटलं, 'कळेल.'

'तेव्हा काय कराल?'

मी म्हटलं, 'तोवर तो मोठा झालेला असेल. निदान थोडा.'

चूक की बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, आईलाही विचारून घ्या, नाहीतर दोघांची दोन उत्तरं होतील.

म्हणून विचारतो.

तू येशील, त्या टेबलापाशी बसशील. तो आधी बोलणार नाही. मग शिपाई वळला की पुढे वाकून तुला विचारेल. तू पाहिलंस हे मला माहीत आहे. औषधाचा चमचा हातात धरून तू ते पाहिलंस, शेवटपर्यंत, त्याच्या चालण्यावरून ओळखून. जन्मात ते विसरणार नाहीस. तरीही तू नाही म्हण. मी काही पाहिलं नाही, कुणी काही दाखवलं नाही, असं म्हण. आणि तो विचारेल, मग तुला कुणी सांगितलं. तेव्हा म्हण, मामानं सांगितलं. त्याच दिवशी, फोन करून.

ज्या एका गोष्टीसाठी तू माझ्याशी बोलत नाहीस, तीच मी केली होती असं तुला तुझ्या मुलाच्या डोळ्यांत बघून सांगावं लागेल. ह्याहून अवघड काही मी तुझ्याकडे कधी मागितलं नाही. तुला जमणार नसेल तर घरी ये, जेव, झोप, आणि त्याला नंतर भेट. पण भेटलीस तर नाही म्हण.

स्टेशनवर मी येईन. तुझी पिशवी घेईन आणि मागून चालेन. तुला बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, हिनं खोली आवरून ठेवली आहे, तू सरळ आत जा.

तू अजून भाऊ म्हणत असशील तर,
तुझा भाऊ